चोवीस तास गप्प

रविवार, १६ मार्च २०२५

गप्प बसायचं म्हणे! चोवीस तास!

सकाळी दहाला व्हिडिओ टाकला. आता सव्वाबारा. तेवढ्यात चौदा जणांनी चुका काढल्या आणि मी एक अक्षर लिहायचं नाही. ग्रुपचा नियमच आहे तसा. ‘कच्चा माल’ असं ग्रुपचं नाव — व्हिडिओ करायला शिकणारे आम्ही दीडशे जण, कुणी कोल्हापूरचं, कुणी अकोल्याचं, एकमेकांची तोंडं फक्त फोनवर बघितलेली. रविवारी ज्याला टाकायचाय त्याने आपला व्हिडिओ टाकायचा. बाकीच्यांनी शेवटपर्यंत बघायचा आणि चूक काढायची ती मिनिट-सेकंद लिहून. ‘तितकासा जमला नाही’ असलं मोघम चालत नाही. आणि व्हिडिओवाल्याने दुसऱ्या दिवशी दहापर्यंत तोंड उघडायचं नाही.

दिग्विजय म्हणून ॲडमिन आहे, सव्वीस वर्षांचा. म्हणतो, "ताई, उत्तर द्यायला लागलं की माणूस ऐकायचं थांबतो." माझ्या मुलीपेक्षा, प्रियूपेक्षा लहान, आणि मला ऐकायला शिकवतो!

प्रियू म्हणाली, "मग वहीत लिही ना उत्तरं." म्हणून ही मापांची वही उलटी करून मागच्या पानापासून सुरू केली. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून माझं डोकं.

तर उत्तरं.

०:४० — उजेड कमी आहे. हो, आहे. माझा शिवणाचा गाळा शनिवार पेठेत बोळाच्या आत आहे, समोर पाच मजली इमारत झाली. सूर्य मलाही अकरा ते सव्वाअकरा एवढाच भेटतो.

१:१२ — डोकं फ्रेमच्या बाहेर गेलंय. ब्लाउज मी डोक्याने शिवत नाही. (प्रियूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते दिसतंच आहे.")

३:०५ — टेपवरचे आकडे उलटे दिसतात. हे काढलं रंगराव अण्णांनी. मंडईत फळांचा गाळा आहे त्यांचा, वय अडुसष्ट, कलिंगड कसं निवडावं असले व्हिडिओ करतात. यावर मात्र मला उत्तर नाही. मी आपली स्वतःला बघत बघत पुढच्या कॅमेऱ्याने शूट करत होते आणि त्यात सगळं आरशासारखं उलटं येतं! उजवी हुकपट्टी डावीकडे. कराडच्या एका बाईंनी माझा आधीचा व्हिडिओ बघून पहिला ब्लाउज शिवला, हुक नेमके उलट्या बाजूला. तीन आठवडे मी जगाला उलटं शिवायला शिकवत होते. चूक ती चूक.

आणि २:२२ — "हातांवर लक्ष जातं. ग्लोव्ह्ज घालावेत." चेतन, नाशिक. पोहे-उपम्याचे व्हिडिओ करतो.

याचं उत्तर संध्याकाळी लिहिते. आत्ता लिहिलं तर पेन मोडेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी

माझ्या हातांना कोड आहे. डाव्या हाताला अंगठ्यापासून मनगटाच्या वरपर्यंत, उजव्याला तीन बोटं. बावीस वर्षं झाली. प्रियू तेव्हा पाच वर्षांची होती. हे होते तोवर म्हणायचे, चांदण्यात बसून आलीस का. हे गेल्याला सहा वर्षं झाली, आता असं म्हणणारं कुणी नाही.

बावीस वर्षांत सगळं बघून झालंय. कापड हातात न देता टेबलावर ठेवणाऱ्या बघितल्या. माप घ्यायला उभं राहायला नको म्हणून जुना ब्लाउज पिशवीत घालून पाठवणाऱ्या बघितल्या. नणंदेच्या घरच्या कार्यात मला वाढायला येऊ दिलं नाही, तेव्हा मीही जेवले नाही, रिक्षा करून घरी आले. आणि त्याच नणंदेचे सगळे ब्लाउज आजही मीच शिवते, कारण दुसऱ्या कुणाचा तिला बसत नाही.

ग्लोव्ह्ज! रबराचे हातमोजे घालून त्या चेतनने शिफॉन कापून दाखवावं. कापड सरकतंय हे आधी बोटांना कळतं, डोळ्यांना मागाहून. बोटं झाकून शिकवायचं तर मग शिकवायचंच कशाला?

सोमवार, १७ मार्च

दहा वाजून एक मिनिटाने ग्रुपवर लिहिलं — "आकड्यांची चूक मान्य. पुढच्या वेळी मागचा कॅमेरा. हात माझे आहेत आणि तेच राहतील. चेतनभाऊ, तुमच्या पोह्यांत १:५० ला मोहरी तडतडायच्या आधी कांदा पडलाय."

एकोणीस अंगठे आले. एक चेतनचाही. म्हणजे माणूस वाईट नसावा.

शनिवार, २२ मार्च

प्रियू काल रात्रीच आली. हिंजवडीला मैत्रिणींबरोबर राहते, शुक्रवारी कंपनीच्या बसने येते, सोमवारी पहाटे जाते. आल्या आल्या तिने फोन कापडाच्या बरोबर वर टांगायची युक्ती काढली — पडद्याचा दांडा, दोन हँगर आणि माझं जुनं इलॅस्टिक. आता कात्री वरून दिसते. एडिटिंग तीच करते. मी फक्त "इथून काप, तिथून काप" म्हणते. कापण्यातलं मला कळतंच.

उकाडा एवढा आणि ही पूर्ण बाह्यांच्या कुर्त्यात. म्हणाली, ऑफिसात एसी फार असतो, सवय झाली. घरात कुठे एसी आहे म्हटलं. हसली नाही.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गिऱ्हाइकं नाहीत, पण पूर्णिमाताई आल्या — नणंदबाई. तीन ब्लाउजपिसं आणि एक स्थळ घेऊन. मुलगा अभिनव, येरवड्याचा, इंजिनियर, वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त. फोटो बरा आहे. प्रियूने बघितला, नाही म्हणाली नाही. आमच्याकडे याचा अर्थ हो.

मग चहा संपल्यावर खरं बोलणं निघालं. ताई म्हणाल्या, "वहिनी, तो तुमचा चॅनेल थोडे दिवस बंद ठेवा. लग्न होऊ दे, मग दाखवा हात सगळ्या जगाला."

मी म्हटलं, हात लपवून लग्न जमवायचं आणि लग्नानंतर काय, पदराखाली ठेवायचे? ताई म्हणाल्या, तुमच्या हातांचं नाही हो, लोक पोरीत शोधतात. मी म्हटलं, शोधू देत. पोरगी चांगली ठणठणीत आहे, शोधून दमतील.

प्रियू शेजारीच बसली होती. एक शब्द बोलली नाही! मी तिच्या बाजूने भांडतेय की तिच्याशी, हेच मला कळेना. ताई गेल्यावर विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "मला काही वाटत नाही. तुझा चॅनेल आहे."

राग आलाय. तिचाच.

शनिवार, ५ एप्रिल

कटोरी ब्लाउज. अकरा मिनिटं. दुपारभर शूट. काखेतला मुंढा कसा खोल घ्यायचा, दोन कटोऱ्या कशा जुळवायच्या, शिवणीला माया किती सोडायची — सगळं, काही हातचं न राखता. काळं नव्हे, मुद्दाम चंदनी रंगाचं कापड घेतलं, खडू निळा. प्रियू रात्रभर बसून एडिटिंग करते म्हणाली, तिला झोपायला लावलं. सकाळी उठून करेल.

रविवार, ६ एप्रिल

टाकला. आणि काय सांगू! दुपारपर्यंत कुणाला चूकच सापडेना! दिग्विजय — "ताई, हा ग्रुपमधला या वर्षीचा बेस्ट." चेतन — "कलर एकदम क्लीन." चॅनेलवर दोन हजारांनी बघितलाय. मी गप्प, पण आज गप्प बसणं गोड लागतंय.

चार वाजता रंगराव अण्णा — "६:१० — खडूची रेघ गेली. हात बी तुमचा नाही."

म्हणजे काय? माझा हात नाही तर कुणाचा, शेजारणीचा? म्हातारा जळतो काय? आणि मला उत्तर देता येत नाही!

रात्री ६:१० लावून बघितलं. मग पुन्हा सुरुवातीपासून बघितलं.

हातावर एक डाग नाही. दोन्ही हात एकसारखे, नवीन बाहुलीचे असावेत तसे. आणि जिथे जिथे बोट कापडावर टेकलंय तिथली खडूची रेघही पुसली गेलीय. सकाळी मी दोनदा बघितला होता. दोन्ही वेळा मी मुंढाच बघत होते.

सोमवार, ७ एप्रिल

प्रियूला फोन. ऑफिसात होती. म्हणाली, फोनचा ब्यूटी मोड चुकून चालू राहिला असेल.

फोनमधलं मूळ शूटिंग काढून बघितलं. त्यात हात माझेच आहेत.

ग्रुपवर अजून काही लिहिलं नाही. दहा वाजून गेले तरी मी गप्पच.

बुधवार, ९ एप्रिल

मंडईत गेले. ग्रुपमधलं माणूस पहिल्यांदाच समोरासमोर. रंगराव अण्णा हापूसच्या पेट्यांमागे बसले होते. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी माझे हात बघितले आणि "या ताई" म्हणाले.

कसं ओळखलंत, असं विचारलं. म्हणाले, "पन्नास वर्षं आंबं बघतोय, ताई. पॉलिश मारल्यालं लांबनं कळतंय." मग गवतातून एक आंबा उचलून माझ्या डाव्या हातावर ठेवला, तसाच, बोटाला बोट लागलं तरी. म्हणाले, "तुमचं पांढरं बोट कापडावर कुठं हाय ते सरळ दिसतं. ह्या टायमाला बोट आन् कापड एकच झालंय. नवी बाई कापणार कुठनं?"

हे मला सुचलं नव्हतं. बावीस वर्षं मी एवढंच म्हणत आले की माझ्या हातांनी कुणाचं काही बिघडत नाही. त्यांचा काही उपयोग आहे असं कुणी म्हटलं नव्हतं.

अर्धा डझन घेतले. पाच चांगले निघाले. सहाव्याचं मिनिट-सेकंद त्यांना कळवणार आहे.

शनिवार, १२ एप्रिल

बोलले प्रियूशी. आधी ठरवलं होतं, ओरडायचं नाही. ओरडलेच.

एडिटिंगच्या ॲपमध्ये ‘त्वचा नितळ’ असं एक बटण असतं. ते तिने दाबलं होतं. स्वतःच्या बोटाने. "चुकून नाही," म्हणाली. "दाबलं मी."

कुणासाठी, असं विचारलं. म्हणाली, तुझ्यासाठी. लोक कमेंटमध्ये काय काय लिहितात, ते तू वाचायच्या आधी मी पुसते, तुला माहीत नाही.

मी म्हटलं, मला माहीत नाही असं काही शिल्लक नाही. अभिनवच्या घरचे बघतील म्हणून केलंस. तुला माझी लाज वाटते.

"तुझी नाही गं, आई."

एवढंच. मग कुर्त्याची बाही बोटांपर्यंत ओढून बसली. लहानपणापासूनची सवय — ऐकायचं नसलं की हात बाहीत घालायचे. मीही उठून मशीनवर बसले. एक फॉल लावला, तो वाकडा लागला, उसवला.

रविवार, १३ एप्रिल

आज खरं लिहायचं तर — वाटतंय, व्हिडिओ तसाच राहू दे.

एकेचाळीस हजार लोकांनी बघितलाय! माझा याच्या आधीचा सगळ्यात मोठा आकडा सहाशे. बायका लिहितात, ताई तुमच्यामुळे पहिल्यांदा कटोरी बसली. जळगाव, परभणी, कुठून कुठून. ग्रुपवर मी खरं काय ते सगळं सांगितलं. दिग्विजय म्हणाला, "ताई, चढता व्हिडिओ कुणी डिलीट करत नाही. खाली एक ओळ लिहून टाका की फिल्टर होता." चेतन म्हणाला, त्याची सूचना मी ऐकली असती तर हा प्रश्नच आला नसता. त्याला सांगितलं, तू पोहे बघ.

कराडच्या बाईंनीही लिहिलंय. "ताई, ६:१० ला रेघ दिसत नाही, अंदाजाने कापलं. काखेत आवळतोय."

आणि एक — "हात किती नितळ तुमचे, कोणतं क्रीम लावता?"

खाली एक ओळ कोण वाचतं? मी वाचते का?

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. गाळा बंद, पांढरी साडी, सकाळीच पुतळ्यापाशी. गर्दीत मी कुणाला तरी "जरा सरका हो" म्हटलं तर दोन मुली गर्रकन वळल्या. आवाजावरून ओळखलं त्यांनी! "तुम्ही त्या कटोरीवाल्या ताई ना?" केवढा आनंद झाला मला. तोंडभर हसले, हात जोडले.

तेव्हा त्यांनी हात बघितले.

वाईट काही बोलल्या नाहीत. फक्त एक दुसरीला म्हणाली, "त्या नाहीत वाटतं." आणि पुढे गेल्या.

ज्या माणसाच्या पायाशी उभं राहून मान वर करायला शिकलो, त्याच्यासमोर मी हात पदराखाली घेतले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. कुणी सांगितलं नव्हतं. माझे मीच घेतले.

घरी आले, पाणीसुद्धा न पिता फोन उघडला आणि व्हिडिओ काढून टाकला. ‘नक्की का?’ असं दोनदा विचारलं फोनने. दोनदा हो म्हटलं.

मंगळवार, १५ एप्रिल

दिग्विजयने रडका चेहरा पाठवला. मघाशी रंगराव अण्णांचा माणूस गाळ्यावर सहाव्या आंब्याच्या बदल्यात एक आंबा देऊन गेला.

प्रियूचा फोन आला. काढलास? म्हणाली. हो म्हटलं.

रविवार, २० एप्रिल

पुन्हा शूट केलं. एडिटिंगही माझं मीच. तीन दिवस लागले, एकदा सगळं पुसलं गेलं, एकदा आवाज आला चित्र नाही. पण केलं.

सुरुवातीला दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. म्हटलं, "हे कोड आहे. दुखत नाही, दुसऱ्याला लागत नाही. आता कटोरी." बस. दहा सेकंद. मग अकरा मिनिटं काम.

ग्रुपवर चुका आल्या. ४:३० — कात्री फ्रेमबाहेर. ७:०२ — रस्त्यावरचा भोंगा. रंगराव अण्णा — "६:१० — रेघ दिसली." आणि चेतन — "०:०३ — गरज होती का?"

होती. उद्या दहाला त्याला एवढंच लिहिणार आहे.

तीनशे बारा लोकांनी बघितलाय. त्यात कराडच्या बाई आहेत. म्हणजे तीनशे बारा पुरेत.

रविवार, ४ मे

अभिनवच्या घरचे येऊन गेले. पूर्णिमाताई सकाळपासून माझ्या हातांकडे बघत होत्या, जणू मी ते आज घरी ठेवून येणार होते. पोहे मी केले, बशा मी दिल्या. घेतल्या सगळ्यांनी.

अभिनव बरा वाटला. कमी बोलतो, पण प्रियू बोलते तेव्हा ऐकतो. त्याच्या आईने माझा नवा व्हिडिओ बघितला होता! म्हणाल्या, "आवडला मला. एवढं मोकळं कुणी बोलत नाही." मग बशी खाली ठेवून, अगदी हळू, "अहो, राग मानू नका. मुलीला काही नाही ना?"

"नाही हो," मी म्हटलं. "तिला काही नाही."

प्रियू पाणी आणायला आत गेली. पाण्याचा जग समोरच होता.

भांडी घासताना मला सुचलं — ‘असलं तर काय?’ असं म्हणायला हवं होतं. एवढ्या घाईने नाही कशाला म्हटलं मी? जगाला टेबलावर हात पालथे ठेवून दाखवणारी मी, आणि तिथे शाळेतल्या पोरीसारखं नाही-नाही. स्वतःचाच राग आला.

सोमवार, १२ मे

बुद्धपौर्णिमा. विहारात असतानाच पूर्णिमाताईंचा फोन. त्यांच्याकडून होकार! वंदना संपेपर्यंत कुणालाच सांगितलं नाही, फोन मुठीत धरून बसले. प्रियूला कळवलं तर म्हणाली, "बरं."

बरं! जन्माच्या होकाराला उत्तर, आणि बरं!

रविवार, १८ मे

लक्ष्मी रोडला जाऊन साडी घेतली. पांढरी, निळसर काठाची, प्रियूने एका मिनिटात निवडली. ब्लाउजपीस बरोबरच आहे. म्हटलं उभी राहा, माप घेते. "जुन्या मापावर शिव," म्हणाली.

जुनं माप तीन वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून दंड बारीक झालाय, मला न मोजता दिसतो. म्हटलं, जगातल्या बायकांना मी ओरडून सांगते की जुन्या ब्लाउजवरून शिवू नका, माप घ्या, आणि माझ्याच पोरीला जुन्या मापावर? लग्नाचा ब्लाउज? आणि ग्रुपला कबूल केलंय, या ब्लाउजचा व्हिडिओ करणार — माप घेण्यापासून. नवरीला उभं करून. दिग्विजयने तर तारीखही टाकलीय.

"नवरीला विचारलंस का?" म्हणाली.

नाही विचारलं. खरं आहे. पण आईने लग्नाच्या ब्लाउजसाठी पोरीला अर्ज करायचा का? टेप घेऊन मागे लागले तर बाथरूममध्ये जाऊन बसली. सत्तावीस वर्षांची!

बावीस वर्षांत कापड घेऊन आलेली आणि मापाला उभी न राहणारी बाई मी ओळखते. तिला माझा हात अंगाला लागायला नको असतो.

माझीच पोर आता त्यांच्यातली. असू दे. शिवेन. जुन्या मापावर शिवणार नाही, एवढं मात्र नक्की.

गुरुवार, २२ मे

प्रियूचा मेसेज — "शनिवारी सकाळी माप घे. व्हिडिओचं नंतर बघू."

उत्तर दिलं नाही. अंगठा दिला.

शनिवार, २४ मे

सकाळी दहाला मापाला उभी राहिली. मी टेप हातात घेतला तर म्हणाली, "थांब. आधी दाखवते. तू बोलायचं नाहीस. तुमच्या ग्रुपसारखं, चोवीस तास."

बाही वर केली. डाव्या कोपराच्या जरा वर, आतल्या बाजूला. पांढरा. रुपयाएवढा. दिवाळीपासून आहे म्हणाली.

आणि मी गप्प बसले नाही. चेतनला, पूर्णिमाताईंना, एकेचाळीस हजारांना न घाबरलेली मी — माझ्याच तोंडून निघालं, "बाही मनगटापर्यंत घेऊ या का?"

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. माझा डावा हात उचलून त्या डागावर ठेवला. म्हणाली, "पाच इंच. आणि व्हिडिओ काढ."

अभिनवला तिने बुधवारीच सांगितलंय. तो काय म्हणाला, ते मला उद्या दहापर्यंत विचारता येत नाही.

वही पुढून उघडली. प्रियदर्शनी. बाही — पाच इंच.